नवऱ्याची सही कायद्यात कुठे आहे?

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा ही विनंती.)

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे, संभाजीनगरात सिडकोत राहते. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई ओट्याशी उभी राहून एकदम म्हणाली, "काकू, मला दिवस गेलेत. आन् मला नकोय." तिचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढे येईलच. तिला तीन लेकरं, धाकटं दीड वर्षाचं. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादा दिवस घरी. म्हणाली, "तुम्ही चला ना संगं. मला एकटीला कुणी बोलू देत नाय."

गेलो. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरपर्यंत पोचलोच नाही. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, नवऱ्याची सही लागेल, नवऱ्याचं आधार कार्ड लागेल, नवऱ्याला घेऊन या. दुसऱ्या ठिकाणी उत्तर आलं, "आम्ही हे करतच नाही, कायद्याने बंदी आहे." आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी होती गर्भलिंग निदान होत नसल्याची. एका मेडिकलवर विचारलं तर दुकानदाराने आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "त्या गोळ्या आम्ही ठेवत नाही, मॅडम. नसती भानगड."

परत येताना रिक्षात तिने विचारलं, "काकू, नवऱ्याची सही कशाला? पोट तर माझं हाय ना?"

इतिहासाच्या बाईला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कायदा काढून वाचला. मग मागचं वाचत गेले. जे सापडलं ते इथे लिहितेय, कारण मला वाटतं आपल्यापैकी नव्वद टक्के शिकलेल्या लोकांनाही ते माहीत नाही. मलाही नव्हतं.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. भारतीय दंड संहिता 1860 ची. तिचं 312 वं कलम गर्भपाताचं. बाईचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला नसेल तर गर्भपात हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. जी बाई स्वतः गर्भ पाडेल तीसुद्धा याच कलमात गुन्हेगार. 1861 मध्ये खुद्द इंग्लंडात असाच कडक कायदा झाला. म्हणजे राणीच्या राज्यात लंडनची बाई आणि पुण्याची बाई, दोघी एकाच मापात.

फक्त आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळली होती. विधवांचं पुनर्लग्न. 1856 मध्ये कायद्याने परवानगी मिळाली, पण समाजाने दिली नाही. उच्चवर्णीय घरात आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा व्हायची आणि त्याच घरातल्या नाहीतर शेजारच्या पुरुषाकडून तिला दिवस जायचे. मग विहीर, नाहीतर झाडपाल्याचं काढं, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यासाठी. विधवांनी गुपचूप यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं, अशा जाहिरातीच त्यांनी लावल्या. तिथेच आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. पंढरपुरातही 1875 मध्ये असाच आश्रम सुरू झाला.

शाळेत हे मी मुलांना दरवर्षी शिकवायचे. पण एक गोष्ट कधी नीट लक्षात घेतली नव्हती. त्या गृहात येणाऱ्या बाईला "याचा बाप कोण" हे कोणी विचारत नव्हतं. हीच त्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

कारण बाहेर काय चाललं होतं ते 1881 च्या खटल्यात दिसतं. सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची ब्राह्मण विधवा. नवजात बाळाला मारल्याच्या आरोपात सेशन्स कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे वरच्या कोर्टात फाशी टळली, पण तेवढ्यात वर्तमानपत्रांनी सगळ्या विधवांच्या चारित्र्याचा पंचनामा करून टाकला. ते वाचून आमच्या शेजारच्या विदर्भातली, बुलढाण्याची एक बाई चिडली आणि 1882 मध्ये तिने एक पुस्तक छापलं. ताराबाई शिंदे, 'स्त्री-पुरुष तुलना'. तिचा मुद्दा साधा होता. सगळे दोष बाईचे, तर मग पुरुष कुठे होता? तिला फसवणारा कोण? त्याचं नाव कोर्टाने का विचारलं नाही?

हे लक्षात ठेवा. 1881 मध्ये पुरुषाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. आज पुरुषाच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. मधल्या काळात काय झालं?

मधे रघुनाथ धोंडो कर्वे झाले. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. मुंबईत 1921 मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली. 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, पण उभे राहिले. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव मांडला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. वारंवारच्या बाळंतपणाने बाई खचते आणि मूल नको असेल तर तिला ते टाळता आलं पाहिजे, हा त्याचा गाभा. ठराव मोठ्या फरकाने पडला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे ही चर्चा इकडे पोचलीसुद्धा नसेल.

जगात त्याच काळात काय होतं? सोव्हिएत रशियाने 1920 मध्येच गर्भपात कायदेशीर केला होता. जगात पहिला. 1936 मध्ये स्टालिनने तो बंद केला, कारण कारखान्यांना आणि सैन्याला माणसं हवी होती. 1955 मध्ये परत सुरू. रुमानियात चाउशेस्कूने 1966 मध्ये बंदी आणली, कारण तेच, लोकसंख्या वाढवायची. त्या देशात बाळंतपणात आणि गर्भपातात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण युरोपात सगळ्यात जास्त झालं. डिसेंबर 1989 मध्ये तो गेला, बंदी उठली आणि पुढच्या एका वर्षात ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बायकांची गरज तीच होती. बदलला फक्त कायदा.

इंग्लंडने 1967 मध्ये आपला 1861 चा कायदा सैल केला. दोन डॉक्टरांचं मत घ्या आणि करा. आपल्याकडेही तोच विचार सुरू होता. 1964 मध्ये केंद्राने समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. डिसेंबर 1966 मध्ये अहवाल आला. समितीचा अंदाज होता की देशात वर्षाला 39 लाख गर्भपात मुद्दाम केले जातात, आणि त्यातले बहुतेक सुईणी, भोंदू आणि काड्यांच्या हातून. म्हणजे बंदीने गर्भपात थांबत नव्हता, बायका मरत होत्या. त्या अहवालातून ऑगस्ट 1971 मध्ये कायदा झाला, वैद्यकीय गर्भपात कायदा, ज्याला सगळे एमटीपी म्हणतात. 1 एप्रिल 1972 पासून लागू. अमेरिकेतला तो प्रसिद्ध रो विरुद्ध वेड निकाल 1973 चा. म्हणजे आपण अमेरिकेच्या आधी.

आता नीट वाचा. 1971 च्या कायद्याने बाईला हक्क दिला नाही. 312 वं कलम रद्द केलं नाही. ते आजही आहे, 1 जुलै 2024 पासून फक्त न्याय संहितेत 88 व्या क्रमांकावर गेलंय. कायदा एवढंच म्हणाला की अमुक कारणं असतील आणि नोंदणीकृत डॉक्टरला तसं वाटलं, तर डॉक्टर गुन्हेगार नाही. संरक्षण डॉक्टरला दिलंय. कारणं चार: बाईच्या जिवाला किंवा शरीर-मनाला धोका, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार, आणि लग्न झालेल्या जोडप्याचं गर्भनिरोधक साधन फसणं. बारा आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, वीसपर्यंत दोन.

आणि संमती कोणाची? तिसऱ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट आहे. मुलगी अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती. बाकी कोणत्याही बाईच्या बाबतीत फक्त त्या बाईची. संमतीचा जो फॉर्म आहे त्यात 'अमुकची मुलगी किंवा पत्नी' असं नाव लिहायला जागा आहे. सहीची जागा एकच. तिची.

म्हणजे नवऱ्याची सही कायद्यात नाही. 1971 मध्ये नव्हती, आजही नाही.

मग ती आली कुठून? मी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, उद्या तो नवरा चार माणसं घेऊन दवाखान्यात येतो तेव्हा कायद्याचं पुस्तक दाखवू का त्याला?" त्यांची भीती खोटी नाही. शिवाय कोर्टानेही गोंधळ वाढवलाय. 2007 मध्ये घटस्फोटाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न कळवता केलेला गर्भपात ही मानसिक क्रूरता ठरू शकते. डॉक्टरांच्या डोक्यात तेच बसलं. पण 2009 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की मूल जन्माला घालायचं की नाही हा बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातल्या गरोदर बायकांचा विषय स्वतःहून हाती घेतला आणि मृदुला भाटकर व विजया ताहिलरमानी यांच्या खंडपीठाने हाच निर्णय बाईचा असतो असं ठणकावलं. 2017 मध्ये एका नवऱ्याने विनासंमती गर्भपाताबद्दल डॉक्टरांकडे आणि बायकोकडे नुकसानभरपाई मागितली होती, ती सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. एवढं सगळं झालं, पण काउंटरवरच्या मुलीपर्यंत यातलं काही पोचलं नाही.

आता त्या पाटीबद्दल.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा करून मुलगी असेल तर पाडायची असं उघड चालायचं, जाहिराती यायच्या. त्याविरुद्ध स्त्री संघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंग निदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तो नीट पाळला जात नाही म्हणून 2000 मध्ये सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 मध्ये कायदा आणखी कडक झाला. हे सगळं आवश्यक होतं, यात मला शंका नाही. मी मराठवाड्याची आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे बीडमध्ये 807 मुली होत्या. राज्यात दहा वर्षांत 913 वरून 894. 2012 मध्ये परळीचं प्रकरण उघडकीला आलं, एक बाई मेली, डॉक्टर दांपत्याला 2019 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

पण त्या लाटेत एक घोळ झाला. लिंग तपासणं हा गुन्हा. गर्भपात हा, अटींसह, कायदेशीर. हे दोन वेगळे कायदे. आपण मात्र भिंती रंगवल्या, रिक्षांवर पोस्टर लावली, शाळेत नाटुकली बसवली (मी स्वतः बसवली), आणि सगळीकडे शब्द वापरला 'भ्रूणहत्या'. हत्या म्हटलं की पोलीस आले, पाप आलं. लोकांच्या डोक्यात एवढंच उरलं की गर्भपाताला बंदी आहे. परळीनंतर औषध दुकानांवर धाडी पडल्या, तेव्हा दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडलं. वास्तविक त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नऊ आठवड्यांपर्यंत वापरता येतात आणि सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळायला साधारण बारा-तेरा आठवडे जावे लागतात. म्हणजे ज्या बाईला लवकर, सुरक्षित गर्भपात हवाय ती लिंगनिवड करत नसते. तिलाच आपण अडवतो. आणि अडवत अडवत उशीर झाला की ती परळीसारख्या ठिकाणी पोचते.

2015 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, असा अंदाज लॅन्सेटच्या अभ्यासाने मांडला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. कायदा होऊन तेव्हा चाळीस वर्षं उलटून गेली होती.

कायदा आणि दवाखाना यांच्यातल्या भीतीने काय होतं हे बेळगावच्या सविता हलप्पनवारच्या बाबतीत सगळ्या जगाने बघितलं. दंतवैद्य, वय 31, आयर्लंडमध्ये राहणारी. ऑक्टोबर 2012 मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. ती आणि नवरा पुन्हा पुन्हा सांगत होते, मोकळं करा. गर्भाचे ठोके चालू होते, आणि 1983 च्या घटनादुरुस्तीने गर्भाचा आणि आईचा जीव सारखा मानला होता. डॉक्टर थांबले. अंगात विष पसरून 28 ऑक्टोबरला सविता गेली. मग आयर्लंड रस्त्यावर आलं. 25 मे 2018 रोजी सार्वमत झालं, 66.4 टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकली. बेळगावात बसलेल्या तिच्या वडिलांनी आयर्लंडच्या लोकांना मतदानाचं आवाहन केलं होतं. इथे नवऱ्याची सही होती, नवरा शेजारी उभा होता. तरी उपयोग झाला नाही.

आणि हेही कळलं पाहिजे की मिळालेलं टिकतंच असं नाही. अमेरिकेने 24 जून 2022 रोजी आपला पन्नास वर्षांचा निकाल उलटवला. दुसरीकडे फ्रान्सने 2024 मध्ये हे स्वातंत्र्य राज्यघटनेत लिहिलं. आपण मधेच कुठेतरी.

आपल्याकडे 2008 मध्ये मुंबईच्या निकेता मेहता चोवीस आठवडे उलटल्यावर उच्च न्यायालयात गेल्या. बाळाच्या हृदयात दोष होता, मर्यादा वीसची होती. परवानगी नाकारली गेली. त्यांच्यासोबत डॉ. निखिल दातार लढले आणि पुढेही लढत राहिले. कायदा बदलायला तेरा वर्षं लागली. 24 सप्टेंबर 2021 पासून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, मधल्या काळात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा काही बायकांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीसपर्यंत. गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या मताने. 'नवरा' हा शब्द काढून 'जोडीदार' आला. आणि बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. (म्हणून तिचं नाव मी लिहिलं नाही.) 29 सप्टेंबर 2022 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित बाईलाही तोच हक्क दिला.

तरी चोवीस आठवड्यांनंतर, बाळात व्यंग नसेल, तर कोर्टाचीच पायरी. जून 2023 मध्ये इथेच, आपल्या औरंगाबाद खंडपीठात, पंधरा वर्षांच्या एका बलात्कारपीडित मुलीचं प्रकरण आलं. अठ्ठावीस आठवडे. डॉक्टरांनी सांगितलं आता बाळ जिवंतच जन्मेल. परवानगी मिळाली नाही. त्या टप्प्यावर कोर्टापुढेही सोपं उत्तर नव्हतं, हे मला कळतं. पण म्हणूनच उशीर होऊ न देणं हे आपलं काम आहे. आणि उशीर कोर्टात होत नाही. तो काउंटरवर होतो.

शेवटी, लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. ज्यांना गरज आहे त्यांना सांगा.

1. अठरा वर्षांवरच्या बाईची सही पुरते. नवऱ्याची, सासूची, बापाची लागत नाही.
2. गर्भपात आणि गर्भलिंग निदान हे दोन वेगळे विषय आहेत. बंदी दुसऱ्याला आहे.
3. नोंदणीकृत डॉक्टर आणि मान्यताप्राप्त केंद्र हे मात्र हवंच. गोळ्या मनाने घेऊ नका.
4. जितकं लवकर तितकं सोपं आणि सुरक्षित.

कोणाला गर्भपात पटत नसेल, धर्माने वा मनाने, तर तो त्यांचा प्रश्न आणि मी त्याचा आदर करते. त्यांनी करू नये. पण नसलेला कायदा दाखवून दुसरीला अडवू नये, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या बाईचं काय झालं? तिसऱ्या ठिकाणी एक डॉक्टर बाई भेटल्या. दोन आठवडे आधीच वाया गेले होते, दहावा लागला होता. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला आत घेतलं. तिचं वय विचारलं, लेकरं विचारली, फॉर्म मराठीत वाचून दाखवला. संध्याकाळी परतताना मी म्हटलं, अगं, सही कशी केलीस, अंगठा दिलास का? ती म्हणाली, "अंगठा कशाला? बचत गटात शिकलेय की सही."